एकाच चौकटीतले अर्ज

नवा जिल्हा झाला तेव्हा लातुरातल्या एका छापखान्यात मी छपाईचे खिळे जुळवायचो आणि स्वतःला कलावंत समजायचो. जिल्हा नवा, म्हणजे सरकारी अर्जही नवे. आधीचे अर्ज वरातीतल्या पाहुण्यांसारखे, ज्याचा त्याचा पोशाख निराळा. टँकरच्या अर्जाला वेलबुट्टी, चाऱ्याच्या अर्जाला ठिपके. मी सगळ्यांना एकच जाड चौकट दिली. तेच ठळक मथळे, त्याच जागी त्याच रेघा. गठ्ठा पसरला की एका घराण्यातला दिसायचा. मी खूश.

कचेरीतून प्रूफ तपासायला यायचे त्या कारकुनांना सगळे अप्पा म्हणत. कपाळाला भस्म, बोलणं मोजकं.

"लई देखणं केलंस," ते म्हणाले. "पण वाचता येत न्हाई त्यानं पान्याचा अर्ज वळखायचा कसा? लोक वेलबुट्टी बघून मागतेत."

पाण्याचा अर्ज वेगळा ठेवा, असं प्रुफावर लिहून त्यांनी सही केली. मी हो म्हणालो आणि त्या प्रुफानं हाताची शाई पुसली.

त्याच वर्षी दुष्काळ पडला आणि मुरुडकडच्या एका गावानं टँकर मागितला, तो चाऱ्याच्या अर्जावर. लिहून देणाऱ्यानं मथळा वाचलाच नाही. सगळे अर्ज सारखे, वाचायचं काय? 'संख्या चारशे' ही माणसांची होती, कचेरीला चारशे जनावरं वाटली. गावात कडब्याचा ट्रक गेला.

तिथली एक बाई कचेरीत येऊन म्हणाली, "सायेब, कडबा ग्वाड हाय, पर घशाखाली उतरना. आता पानी धाडा."

सगळे हसले. ऐकून मीही हसलो. टँकर पोचेपर्यंत ते गाव आणखी आठवडाभर कोसभर लांबून पाणी वाहत होतं.

चौकशी झाली. अप्पा म्हणाले, "मी प्रुफावर लिहून दिलं होतं." साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "तसं काही नव्हतं." अप्पांची बदली लांबच्या तालुक्याला झाली. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, ती लातुरातच राहिली. मी त्याच चौकटीत पुढं बरेच अर्ज छापले.

वीसेक वर्षांनी, परवा, अप्पांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," अप्पा म्हणाले.

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू येशील म्हणून वाट बघत राहिलो. ती असताना यायला पायजे होतास. तिला वाटायचं, मीच चुकलो."

सुनेनं चहा आणला. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.