मागच्या खोलीचे दोन थर

थरकाकांचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपुस्तकापुरतंच उरलं होतं. जुनं घर दुरुस्तीला काढलं, की आधी थरकाकांना पाठवायचं. भिंतीवर तळहाताएवढी जागा धरून ते पात्याने रंगाचा एकेक थर अलगद खरवडत, मोजत आणि अहवालात लिहीत: हे मूळचं, ठेवा, हे नंतरचं, पाडा. गवंड्यांच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ.

माणसांना विचारायच्या भानगडीत ते पडत नसत. "दहा तोंडं, दहा गोष्टी. भिंतीला एकच तोंड, तेही मीच उघडतो." हा त्यांचा एकुलता एक विनोद. बायको दरवेळी हसायची, म्हणून तो टिकला. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. घराला दोनदा रंग लागला, पण तिच्या शिवणयंत्राच्या खोलीपाशी आलं की थरकाका म्हणत, "ही पुढच्या वेळी." सूनबाई शहाणी, पुन्हा विचारायची नाही.

अशात एका म्हाताऱ्या बाईंनी आपलं घर वाचनालयाला दिलं आणि त्या भाच्याकडे राहायला गेल्या. अट एवढीच: घर पहिल्यासारखं करा, आणि झालं की मला एकदा दाखवा.

थरकाकांनी भिंती खरवडल्या. बाकी सगळ्या खोल्यांत नऊ थर, मागच्या खोलीत दोनच, तेही साध्या चुन्याचे. चुना घरात जुनाही होता, नवाही. त्यावरून काळ कळेना. मग त्यांनी सरळ ताडलं: थर कमी म्हणजे वय कमी, खोली मागाहून जोडलेली. बाईंना विचारता आलं असतं, एका पत्राचं काम होतं. पण खोड ती खोडच! प्रत्येक खोलीचा एक टवका ते नमुना म्हणून पाकिटात ठेवत. या पाकिटावर आणि अहवालातही त्यांनी लिहिलं, "मागची खोली. नंतरची. पाडावी." दोन दिवसांत खोली पाडून झाली.

काम संपल्यावर बाई भाच्याचा हात धरून आल्या. पुढच्या खोल्या पाहून म्हणाल्या, "छान केलंत हो." मग त्या वयाला न शोभणाऱ्या घाईने मागे गेल्या. तिथे मोकळी फरशी होती.

"खोली कुठंय?"

थरकाका समजावू लागले. मूळ घरात ती नव्हतीच, थर कमी होते...

"नव्हती कशी? घराबरोबरच बांधलीये. माझ्या मुलाची खोली होती ती. सात वर्षांचा होता, तापात गेला. मग रंगाऱ्याला आम्ही आत पाऊलच टाकू दिलं नाही. त्याचे हात लागले होते ना त्या भिंतींना."

थरकाकांच्या पायाखालची जमीन सरकली. एखाद्या खोलीला रंग का लागत नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का?

"चुकलो, ताई. फार मोठी चूक झाली."

बाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. "काहीच नाही का हो उरलं?"

थरकाका कचेरीत धावले, म्हणजे गुडघे धावू देतील तसे, आणि पाकीट घेऊन आले. नखाएवढा टवका बाईंनी तळहातावर घेतला, वरून दुसऱ्या हाताने झाकला.

मग रिकाम्या पाकिटाकडे पाहून त्या म्हणाल्या, "चष्मा राहिला घरी. काय लिहिलंय यावर?"

थरकाकांनी आपलंच अक्षर पाहिलं. शेजारून भाच्यानेही ते पाहिलं.

"मुलाची खोली," थरकाकांनी वाचलं.

भाचा काही बोलला नाही.