आपली पोरगी वाचली का?

मी नववीत असताना एका मेलेल्या बाईला जिवंत केलं. भीतीपोटी.

ती बाई खरी नव्हती. लायब्ररीतून आणलेल्या एका जुन्या कादंबरीची नायिका होती. लहानपणीच पोरकी, पुढे विधवा, पदरात दोन लेकरं. अन्नाला महाग, पण कुणापुढे वाकली नाही.

आईला वाचता येत नव्हतं.

बाबा गेल्यावर आम्ही दोघी गंगापूरकडून शहरात, गारखेड्यात आलो. पत्र्याची एक खोली. आई चार घरी पोळ्या लाटायची आणि संध्याकाळी मी तिला कादंबरी वाचून दाखवायचे. नायिकेच्या सासूला ती अशा शिव्या द्यायची की शेजारच्या काकू काय झालं म्हणून डोकावायच्या.

नायिकेला ती 'आपली पोरगी' म्हणायची.

मग आईला टायफॉइड झाला.

ताप उतरला, तरी ती उठेना. जेवेना. भिंतीकडे तोंड करून नुसती पडून. तोवर दोन घरांनी दुसरी बाई लावली होती.

"आई, ऊठ ना गं."

"नाय उठवत आता."

मी इतकी घाबरले होते की शाळेतून आल्यावर आधी दाराशीच थांबायचे. आतून तिचा खोकला ऐकू आला की मगच आत पाऊल टाकायचे.

आणि नेमकी तेव्हाच कादंबरीतली तीही तापानं पडली. शेवटचं एकच प्रकरण राहिलं होतं.

आई म्हणाली, "ती उठली ना, तर मी बी उठते बघ."

दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या पायरीवर बसून मी शेवट आधीच वाचून काढला.

ती मेली.

पुस्तक तिथंच परत केलं. घरी कशी पोचले, आठवत नाही.

आईनं पडल्या पडल्या विचारलं, "वाचली का गं आपली पोरगी?"

"वाचली."

खोटं कुठे बोलले? कादंबरी तर वाचलीच होती की मी! स्वतःला हेच बजावत राहिले.

सकाळी आई उठली. भिंत धरून, थरथरत. परातीत कणीक घेतली. आठवड्याभरात कामावर गेली. पुढे पोळ्या लाटूनच तिनं मला बीकॉम केलं.

माझी भीती मात्र गेली नाही. काही वर्षांनी आई साक्षरता वर्गाला जायला लागली. सगळ्यांना कोण कौतुक! घाम फुटला तो मला. आज सिटी बसची पाटी जुळवून वाचतेय, उद्या ते पुस्तक हाती लागलं तर?

गेल्या महिन्यात तिची बायपास ठरली. ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवरून तिनं माझा हात धरला.

"ती मेली व्हती ना गं?"

"कधी वाचलंस तू?"

"वाचायचं काय त्यात? तू 'वाचली' म्हणलीस अन् ढसाढसा रडलीस. मला तवाच कळलं."

"मग उठलीस कशी?"

"तू लई भेली व्हतीस. ती तर गेलीच व्हती. मी बी पडून राहिले असते, तर माझी पोरगी कशी वाचली असती?"

सिस्टरनं दार लावलं.

आई परत आली नाही.

आज महिना झाला. खरं सांगते, मला फार भीती वाटते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. फोन वाजला की उलटा करून ठेवते. आईशिवाय बाहेरच्या जगात पाऊल टाकायचं, या विचारानंच दारातून मागे फिरते. रजा वाढवायचा मेल टाइप करून ठेवला होता.

आत्ता डिलीट केला.

उद्या ऑफिसला जातेय. घाबरत घाबरतच, पण जातेय.

आई, तू आता निवांत पड.
तुला कुणी उठवणार नाही.