गोजरबाईचं मशीन

घनसावंगीच्या जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणारं मशीन माझी आत्या गोजरबाई चालवते. यंदा खंडेनवमीला मालक म्हणाले, "मशीनची पूजा बाईच्या हातून होऊ द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या पुढे झाली, तसा मुकादम आबाराव म्हणाला, "गोजरे, तू मेंढरंवाल्याच्या घरची, त्यात विधवा. पूजा सवाष्णीनं करावी." ताट ऑफिसातल्या साधनाताईंकडे गेलं.

आत्याने मशीनवरचा हात काढून घेतला. "रोज चालवताना हे कुणी इचारलं न्हाई. मंग आता चालू बी सवाष्णीनंच करावं."

साधनाताई हसल्या आणि त्यांनी ताट आत्यापुढे धरलं. आत्याने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, बटण दाबलं. दिवसभर पांढऱ्या कापसात तिची बोटं लाल दिसत होती.