पाच गाड्या आणि मागची सीट

दापोडीच्या गल्लीत भीमराज कुठं राहतो असं विचारलं, तर लोक घर दाखवत नाहीत, गाड्या दाखवतात. पाच मोटरसायकली, एकीला एक खेटून. घराचं दार त्यांच्या मागं कुठंतरी आहे. आत जायचं तर पोट आवळून तिरकं चालावं लागतं. भीमराज महाळुंग्याला कंपनीत वेल्डर. शिफ्टला रोज वेगळी गाडी नेतो, बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून. याला वेड म्हणण्याचं काम गल्ली करतेच, आपण कशाला करायचं?

पण आता चऱ्होलीला फ्लॅट झाला होता. त्याच्या बायकोनं, आम्रपालीनं, रात्रंदिवस मशीनवर कपडे शिवून हट्टानं घेतलेला. सोसायटीचा नियम होता, एका फ्लॅटला एकच दुचाकी. रविवारी सामान हलणार होतं. "तोवर चार गाड्या गेल्या न्हाईत, तर मी एकटी जाईन राहायला," असं आम्रपालीनं भाकरी थापता थापता सांगितलं होतं. ती ओरडली असती तर त्याला एवढी धास्ती वाटली नसती.

गिऱ्हाइकं यायची. भीमराज आम्रपालीला त्यांच्यासाठी पोहे करायला लावायचा आणि मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी करायचा. दारात शेड आहे का? घरात तापट कोण आहे? किक रागानं मारता का? एक जण सहज म्हणाला, "पावसात उभी राहिली तर काय बिघडतंय?" त्याला पोहे अर्धे टाकून उठावं लागलं. सगळे नापास. आणि पाचातली ठेवायची कोणती, तेही ठरेना.

शेवटी त्यानं अन्वरला बोलावलं. अन्वर नाक्यावरचा मेकॅनिक, पाचही गाड्यांची नस न् नस जाणणारा. त्यानं एकेकीचं इंजिन ऐकलं, हात पुसले आणि म्हणाला, "भाऊ, पुढं बसणाऱ्याला सगळ्याच बऱ्या वाटतात. मागं कोण बसतं? भाभीला विचारा."

आम्रपाली पोह्यांची कढई घासत होती. तिनं मान वर केली नाही. "विचारायचं काय त्यात? बसून बघा. मी बसते तसं."

म्हणजे दोन्ही पाय एका अंगाला, मांडीवर दळणाचा डबा, हातात भाजीची पिशवी. भीमराजला त्यात अवघड काही दिसेना. अन्वर पुढं, हा मागं, आणि निघाली स्वारी. गल्ली बाहेर आली. पहिल्या गाडीवर स्पीडब्रेकरला तो वर उडाला आणि खाली आला तेव्हा तोंड पिठानं पांढरं झालं होतं. दुसरीला धरायला काहीच नव्हतं, म्हणून त्यानं अन्वरची कॉलर धरली. तिसरीची सीट उतरती. वळणावर तो घसरला तो भाजीवाल्याच्या हातगाडीवर, पालकाच्या जुड्यांत जाऊन बसला. चौथीवर तो सारखा "अन्वर, हळू" म्हणत होता. हा शब्द आजवर त्यानं फक्त मागून ऐकला होता, आणि ऐकून वेग वाढवला होता.

पाचवी त्याची लाडकी, दोन्ही अंगांना सायलेन्सर असलेली. तिच्यावर पाय सरकला आणि घोट्याला चरचरून चटका बसला.

तो लंगडत घरी आला. आम्रपालीनं तांब्याभर गार पाणी आणलं आणि त्याच्या पायावर ओतायला खाली बसली. तेव्हा त्याला तिचा घोटा दिसला. त्याच जागी, तसाच डाग. जुना, गुळगुळीत झालेला.

"हे कधीचं?"

"प्रितम झाला तेव्हाचं. कळा येत होत्या, दवाखान्यात चाललो होतो." ती पाणी ओतत राहिली. "मी ओरडले, तर तुम्ही म्हणालात, गप, इंजिनचा आवाज ऐकू दे."

भीमराजला आठवलं. इंजिनचा आवाज आठवला, तिचा आठवेना. त्याला स्वतःची फार शरम वाटली. त्यानं पाचही किल्ल्या तिच्यापुढं धरल्या. "कोणती ठेवायची, तूच सांग."

आम्रपालीनं हात पुसले, किल्ल्या घेतल्या.

"आधी चालवायला शिकवा," ती म्हणाली. "मग सांगते."

आणि ती एका गाडीवर पुढं बसली. भीमराज मुकाट्यानं मागं जाऊन बसला, दोन्ही पाय एका अंगाला.