आडवेळची घंटा

मी गाव सोडलं त्या दिवशी पप्पांनी देवळाची घंटा वाजवली, आणि तो मंगळवार होता. आमच्या वस्तीत चर्चला देऊळच म्हणतात. त्याची घंटा रविवारी वाजते, नाताळात वाजते, आणि एरवी वाजली की कोणीतरी गेलं असं समजायचं. त्यामुळे जीप सुरू व्हायच्या आत बायका पिठाच्या हातांनी दारात आल्या. शेजारची सुंदरामावशी पदर सावरत धावतच आली.

"कोण गेलं गं?" तिने मला विचारलं.

मीच चाललेय म्हटल्यावर सगळ्या हसल्या. आई मात्र हसली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून तिने प्रार्थना केली आणि मग, लेकीला असा निरोप देतात का, म्हणून पप्पांवर चिडली. पप्पांना आनंद झाला होता, दुसरं काही नाही. जिथून आपल्याकडे देवाचा शब्द आला तिथे आपली लेक कृपा चाललीय, असं ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. मला त्यांनी एकच गोष्ट बजावली, "रविवार चुकवू नकोस."

गावात राहिलात ते आणि माझ्यासारखे बाहेर पडलात ते, दोघांसाठी हे लिहितेय. आपली गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर जागा नव्हती, मग शाळेत कुठून असणार? विलायतेहून आलेल्या एका मिशनरी मडमेने त्यांना चिंचेखाली बसवून अक्षरं शिकवली. पुढचा बाप्तिस्मा, देऊळ, पप्पांचं मास्तरपण, माझी डिग्री, सगळं त्या चिंचेखालून सुरू झालं. ती मडम कुठल्या गावची, तिच्या घरी कोण होतं, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. तिथे सगळं भरलेलं असणार, म्हणूनच तर आपल्यापर्यंत पोहोचलं, असं आपण धरून चाललो.

आणि ती कार्डं आठवतात का? वर्षभर संडे स्कूल चुकवलं नाही की नाताळात बक्षीस म्हणून विलायतेतलं जुनं ख्रिसमस कार्ड मिळायचं. लिहिलेला अर्धा भाग कापलेला, नुसतं चित्र उरलेलं. माझ्या कार्डावर बर्फातलं दगडी चर्च होतं आणि त्याच्या खिडक्यांत पिवळा उजेड. स्वर्ग असाच दिसत असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला प्रकाशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, विमानांच्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी होती. पहिल्याच रविवारी आम्ही घराजवळचं चॅपल, म्हणजे लहानसं चर्च, शोधून काढलं. थेट माझ्या कार्डावरचं, फक्त खिडक्यांत उजेड नव्हता. सवयीने मी दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. मोठ्या हॉलला कुलूप होतं. हीटिंग परवडत नाही म्हणून बाजूच्या खोलीत चार म्हातारी माणसं कोट घालून बसली होती. उपासना संपल्यावर एका आजींनी माझे बूट रेडिएटरजवळून आणून दिले. दारात ओले झाले असते, म्हणाल्या. त्या मार्गारेट. इथे सगळे त्यांना नावानेच हाक मारत, मला ते जमेना, मी आँटी म्हणत राहिले.

त्यांना मी कार्डाची गोष्ट सांगितली. मग त्यांनी मला कुलूप उघडून मोठा हॉल दाखवला. नाताळ सरला की याच हॉलमध्ये संडे स्कूलची मुलं जमिनीवर बसून जुनी कार्डं कापायची, इंडियाला आणि आफ्रिकेला पाठवायला. कात्री मार्गारेट आँटींच्या हातात असायची. मुलांनी हॉल भरून जायचा. आता तिथे खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि भिंतीला ओल आली होती. एवढं सगळं कधी गेलं, असं मी विचारलं.

"एका दिवसात नाही गेलं," त्या म्हणाल्या. "एका वर्षी संडे स्कूलला मुलं पुरेशी नव्हती. आम्ही म्हटलं, यंदा बंद ठेवू, पुढच्या वर्षी बघू. कोणाला काही वाटलंसुद्धा नाही."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. नंतर आमची लेक रिबेका झाली, चालायला लागली, आणि आँटींनी हौसेने संडे स्कूल पुन्हा सुरू केलं. त्यात मूल एकच, रिबेका. दुपारी हॉल नायजेरियन मंडळी भाड्याने घेत, केरळच्या नर्सेस येत. तेवढ्यापुरती भिंती हादरतील अशी गाणी होत आणि मला बरं वाटे. ज्यांना कार्डं पाठवली त्यांचीच नातवंडं इथे गायला आली होती. नायजेरियन मंडळींना चॅपल विकत हवं होतं, पण चर्च-संस्थेच्या वरच्या लोकांनी ते फ्लॅट्स बांधणाऱ्याला दिलं. शेवटच्या उपासनेला घंटासुद्धा नव्हती, ती आधीच उतरवून नेली होती.

"आई, आता माझं संडे स्कूल कुठे होणार?" रिबेकाने घरी येताना विचारलं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मी पप्पांना फोन केला. ते देवळात झाडलोट करत होते. इथलं चॅपल गेल्याचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. त्या मडमेच्या देशात असं कसं होतं, म्हणाले. मी सहज विचारावं तसं आपल्या संडे स्कूलचं विचारलं. सहज नव्हतं ते.

"मुलं आहेत कुठे गं?" पप्पा म्हणाले. "सगळी पुण्याला गेली, राहिलेल्यांना ट्यूशन. यंदा बंद ठेवलंय, पुढच्या वर्षी बघू."

मी नुसतं हं म्हटलं. मी रडतेय असं त्यांना वाटलं असावं. थांब, म्हणाले, घंटा ऐक, बरं वाटेल. मोबाइल त्यांनी कट्ट्यावर ठेवला आणि दोर ओढला. घंटा तीच, आवाज तोच. वस्तीभर ऐकू जाईल इतक्या जोरात वाजवली त्यांनी.

घर कुठे आहे असं मला इथे खूपदा विचारतात. आडवेळी घंटा वाजली की जिथे बायका पिठाच्या हातांनी बाहेर येतात, ते माझं घर. मी फोन कानाला घट्ट लावून थांबले. दार वाजेल, सुंदरामावशीचा नाहीतर दुसऱ्या कोणाचा आवाज येईल, कोण गेलं म्हणून कोणीतरी विचारेल.

घंटा थांबली. पप्पांचा धापा टाकण्याचा आवाज येत होता. कोणीच विचारलं नाही.