घास कापायची पाळी

जेवणं उरकल्यावर चंद्रकला ओट्यावर पोतं टाकून आडवी होते, डोळ्यांवर पदर घेते. गोठ्यात गायी रवंथ करतायत, तो आवाज हळूहळू लांब जातो. तीन वाजता लसूणघास कापायला जायचंय, एवढंच डोक्यात उरतं. पदरातून झिरपणारं ऊन हिरवं होतं.

"कले, सरक जरा."

थोरली जाऊ मथुरा शेजारी बसलीय. तिला जाऊन तीन वर्षं झाली, हे चंद्रकलेला ठाऊक आहे. तरी ती सरकून जागा करते.

मथुरा सुपात घासाचे कोवळे शेंडे खुडतेय. जिवंतपणीही तिचं असंच असायचं. भारा गायींना, थोडा पाला कोंबड्यांना, शेंडे घरच्या भाजीला. ऐन उन्हाळ्यातही चारही गायी दुधाला टिकायच्या त्या याच घासावर.

"भाजी कुणाला, अक्का?"

"वृषालीला. आलीय ना माझी पोर?"

"आलीय. नर्सिंगच्या कॉलेजला सुट्टी लागली."

"पायात काय घालून हिंडते?"

चंद्रकलेला आठवत नाही. ओटा पाठीखाली ओला लागतो. दोघी घासाच्या वाफ्यात उभ्या आहेत. घास गुडघ्याएवढा, जांभळ्या फुलांवर आलेला, आणि वाफ्याच्या मधोमध दवाखान्यातली लोखंडी खाट. मथुरा आता त्या खाटेवर आहे. तिचा पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा पडलाय, त्या दिवशी होता तसाच.

त्या दिवशी घास कापायची पाळी चंद्रकलेची होती. डोकं दुखतंय म्हणून ती पडून राहिली. "पड तू, मी आणते," म्हणत मथुरा विळा घेऊन गेली, ती चौघांच्या खांद्यावरच घरी आली.

"अक्का, माझं डोकं दुखत नव्हतं."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"माहीत होतं मला," मथुरा म्हणते. "आज पाळी कुणाची?"

"माझी."

"मग तू इथं कशी?"

कुठंतरी कुकरची वाफ सुटावी तसा आवाज सुरू होतो. थांबतच नाही. मथुरा तिचं मनगट पकडते. हात गार, ओला.

"ऊठ."

चंद्रकला ताडकन उठून बसते. ऊन कलंडलंय. दाराशी वृषालीच्या चपला आहेत, पण घरात वृषाली नाही.

"घास आणायला गेली," गोठ्यातून नवरा सांगतो. "काकूला उठवू नका म्हणाली."

चंद्रकला तशीच धावत सुटते. बांधावर पोचते तेव्हा वृषाली वाफ्यात वाकलेली, डाव्या हाताने घासाची मूठ धरायच्या बेतात.

"वृषे! हलू नको जागची!"

पोरीचा हात हवेत थांबतो. मग दोघींनाही तो आवाज ऐकू येतो, वाफ सुटल्यासारखा. तिच्या हातापासून दोन वितींवर, घासाच्या बुडाशी, घोणस वेटोळं घालून बसलीय.

"मागं ये. हळू. एकेक पाऊल."

वृषाली बांधाला टेकते आणि मटकन खाली बसते. चंद्रकलाही बसते.

"तुझी आई गेली ना, त्या दिवशी पाळी माझी होती," चंद्रकला म्हणते. "डोकं दुखतंय म्हणून मी खोटंच सांगितलं होतं."

वृषाली घासाकडे बघत राहते. मग नाडी बघायला घ्यावा तसा चुलतीचा हात ती हातात घेते.

"काकू, तू आज घासाला हात लावलास?"

"नाही गं. आत्ताच उठले."

"मग हे काय?"

मनगटावर चार बोटं उमटलीत. हिरवी. घासाचा रस अजून ओला आहे.