आमच्याकडची चेष्टा

त्या फोरमची आठवण झाली की मला अजून किळस येते, तोंडात माशी गेल्यासारखी. सगळी किळस त्या लोकांचीच आहे असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

घरी ब्रॉडबँड आलं त्या वर्षी मी एक ऑनलाइन खेळ खेळायला लागलो. गावं वसवायची, धान्य पिकवायचं, सैन्य उभं करायचं आणि शेजाऱ्यावर चढाई करायची. हे एकट्याचं काम नाही, म्हणून लोक संघ करत. आमचा संघ मराठी माणसांचा होता, साठेक जणांचा, आणि सगळी सल्लामसलत त्याच्या फोरमवर चाले. खरं सांगायचं तर मला चढाईत काडीचा रस नव्हता. मी मऊरानीपूरच्या कचेरीतला कारकून. दिवसभर हिंदी, बसमध्ये बुंदेली, आणि झाशीला प्रेम नगरातल्या घरीसुद्धा निम्मं हिंदीच. आमचं घराणं पेशव्यांच्या काळापासून झाशीत. मराठी उरली होती ती जेवणखाण आणि देवापुरती. संध्याकाळी चहा घेऊन बसावं आणि इतकी माणसं मराठीत लिहिताहेत ते नुसतं वाचावं, यातच माझं पोट भरे.

सुरुवातीला माणसंही बरी होती. कोणाचं गाव लुटलं गेलं तर चार जण धान्य पाठवत, "सावकाश उभे राहा, घाई नाही" असं लिहीत. मग एक जण वर चढला. स्वतःला सरसेनापती म्हणवून घेई. खेळात तरबेज होता, ते नाकारत नाही. पण चढाया जिंकत गेला तशी त्याची जीभ सुटली. मदत मागणारा फुकट्या, हरलेला बायल्या. शहाणी माणसं एकेक करून निघून गेली आणि उरलेले त्याच्या प्रत्येक वाक्याखाली हसरे चेहरे डकवू लागले. बळी तो कान पिळी, दुसरं काय.

मी राहिलो, कारण मला तो आदराने 'काका' म्हणे. एकदा मी बोलण्याच्या ओघात 'तसराळं' असा शब्द लिहिला. आमच्याकडे पसरट भांड्याला अजून तेच म्हणतात. त्याने सगळ्यांना सांगितलं, "बघा, अस्सल मराठी झाशीत टिकलीय!" मी आठवडाभर फुगून होतो.

त्याच भरात मुलीला म्हटलं, तूही ये. ती बी.एस्सी.ला होती. मराठी तिला सगळी समजे, पण उत्तर यायचं हिंदीत. तिने माझ्याशी मराठीत बोलावं एवढीच माझी इच्छा होती. ती तयार झाली. रोज जेवताना दोन-दोन वाक्यं जुळवू लागली, आणि ती ऐकायला मिळावीत म्हणून मी उगीच आणखी एक पोळी मागून घेई. फक्त आपलं नातं सांगू नकोस, असं मी बजावलं. काकांनी घरचीच भरती केली म्हणतील.

तिने पहिलं वाक्य लिहिलं: "नमस्कार, मी झाशीहून. मराठी लिहायची चेष्टा करत आहे, चुकलं तर माफ करा."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्या झाशीच्या मराठीतही तो अर्थ कधीचा शिरलाय, कोणाला खटकत नाही. तिकडे महाराष्ट्रात त्याचा अर्थ थट्टा होतो, हे तिला कोणी सांगायचं? मीच सांगायला हवं होतं.

"मराठीची चेष्टा करायला आलीस होय?" सरसेनापतीने लिहिलं. त्याला कळलं नव्हतं असं मुळीच नाही, हिंदी सगळ्यांना येते. पण शिकार आयती समोर आली होती. त्याने सुरुवात केली म्हटल्यावर बाकीच्यांनीही यथेच्छ तोंडसुख घेतलं. ती बिचारी प्रत्येकाला "माफ करा" लिहीत होती. मग त्याने मलाच विचारलं, "काका, ही तुमच्याकडची दिसते. तुमच्याकडे असंच बोलतात का?"

दोन ओळींत उलगडा केला असता तर भागलं असतं. मी लिहिलं, "आमच्याकडचे सगळेच असे नाहीत."

तमाशा पुढे दोन दिवस चालला. थांबेल आपोआप, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत होतो, आणि इलाइट चौराह्यावर उतरलो की घराकडे पाय उचलत नव्हता. जेवताना तिची ती दोन वाक्यं बंद झाली, आणि मीही जादाची पोळी मागेनासा झालो. तिसऱ्या दिवशी एकाने तिच्याविषयी जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. त्याखाली सरसेनापतीचा हसरा चेहरा होता. तेव्हा माझं डोकं फिरलं. चेष्टेचे दोन्ही अर्थ लिहिले, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि शेवटी लिहिलं की ती माझी मुलगी आहे.

मिनिटभरात उत्तर आलं. "मग तीन दिवस काय झोपला होतास, काका? तूही मजाच बघत होतास."

त्या माणसाने मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. त्याने त्या फोरमवर लिहिलेलं ते एकमेव खरं वाक्य असावं. मी काही लिहायच्या आत मला संघातून काढून टाकलं होतं.

मुलगी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "त्याला चांगलंच सुनावलं मी." तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

"हाँ बाबा, पढ़ लिया," ती मान वर न करता म्हणाली. "आपका पहले वाला भी पढ़ा था."

मला स्वतःची शिसारी आली. माफी मागाहून मागितली, एकदा नव्हे, अनेकदा. ती "कोई बात नहीं" म्हणाली.

त्या टोळक्याने माझ्या मुलीची मराठी मारली, असं मी बरीच वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. ती आता नोकरीसाठी महाराष्ट्रात असते आणि उत्तम मराठी बोलते, माझ्याहून नीट. दर रविवारी आईशी फोनवर तासभर गप्पा चालतात, हसणं-खिदळणं सगळं मराठीत, आणि मी शेजारी बसून ऐकतो. मग फोन माझ्या हातात येतो, आणि ती म्हणते, "हाँ बाबा, कैसे हैं आप?"